गप बसायचा हॉल

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते घरातल्या प्लास्टिकच्या डब्यांसारखे आपोआप वाढतात. कुणाच्या घरून आला, कधी आला, काही आठवत नाही, पण ओट्याखालचं कपाट उघडलं की चार अंगावर पडतात. आमच्या कुवेतच्या मंडळाचंही तसंच आहे. शुक्रवारची जेवणं झाली, बडीशेप फिरली, की कुणीतरी म्हणतंच, "क्षीरसागर बाई, तो हॉलचा सांगा ना!"

मी सांगते. बोलायला मला कधी आग्रह लागलेला नाही. सालमियाच्या एका शाळेत बावीस वर्षं हिंदी शिकवतेय, वर मंडळाची सेक्रेटरी, म्हणजे बोलणं हा माझा धंदाच. अडचण एवढीच, की लोक जिथं हसतात तिथं मला हल्ली हसू येत नाही. आणि शेवटचा किस्सा मी आजवर कुणालाच सांगितलेला नाही. आज सांगते.

*

हॉल अहमदीत होता. आमच्यातले निम्मे सालमियात, निम्मे फरवानियात, सगळे फ्लॅटवाले. नाटकाची तालीम घरात केली की खालचा माणूस काठीने छत ठोकतो. म्हणून आमचे अध्यक्ष देवधर साहेब यांनी ओळखीपाळखीने हा हॉल मिळवला. शुक्रवारी सकाळी नऊ ते दुपारी दोन; इथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची.

अहमदी म्हणजे तेलवाल्यांची जुनी वसाहत. बैठी घरं, कुंपणं, झाडं. सालमियाच्या माणसाला झाड दिसलं तरी भरून येतं. हॉलही बैठाच, पुढे व्हरांडा. आत गेलो आणि सगळे बुचकळ्यात पडलो. स्टेज नाही, माइक नाही, भिंतीवर एक चित्र नाही. फक्त लाकडी बाकं, आणि ती चारी बाजूंनी मधल्या मोकळ्या जागेकडे तोंड करून लावलेली.

फडणीस काकू म्हणाल्या, इथे लिलाव होत असणार. त्यांचे यजमान म्हणाले, छे, कोर्ट असेल. देवधरांना खात्री होती की मध्ये गोरे जोडीने नाचायचे आणि दमलेले बाकांवर टेकायचे.

तेवढ्यात हॉलचे राखणदार दाऊदभाई चहा घेऊन आले. श्रीवर्धनकडचे, सत्तरीला टेकलेले, हॉलच्या मागच्या खोलीत एकटेच राहायचे. मी शाळेत शिकवते हे कळल्यावर त्यांनी मला लगेच 'बाई' म्हणायला सुरुवात केली होती, गावच्या मराठी शाळेतली सवय. ट्रे खाली ठेवत ते म्हणाले, "इथं लोक गप बसायचे, बाई."

"गप बसायला हॉल कशाला लागतो?" देवधर म्हणाले. "त्याला लग्न पुरतं."

काय हसलो आम्ही! मी तर डोळे पुसले. दाऊदभाईंनी कप गोळा केले आणि निघून गेले. त्या वास्तूचा सगळा इतिहास त्या माणसाने पहिल्याच दिवशी आम्हाला सांगून टाकला होता, तोही चहासकट. आमच्यातल्या एकालाही पुढचा प्रश्न विचारावासा वाटला नाही. मलाही नाही, आणि मी तर जगाला प्रश्न विचारायचा पगार घेते.

*

त्या हॉलचा एक गुण आम्हाला फार महागात पडला. एका कोपऱ्यात कुजबुजलेलं समोरच्या कोपऱ्यात स्वच्छ ऐकू यायचं. बांधणाऱ्याने काय केलं होतं देव जाणे.

होळीनंतरचा शुक्रवार होता. मी आणि आमची नाटकातली नायिका, मेधा, एका कोपऱ्यात बसून फडणीस काकूंच्या पुरणपोळीचं पोस्टमॉर्टेम करत होतो. आवाज अगदी खाली. पुरण सैल होतं, पोळी जाड होती, आणि तूप विकतचं होतं, असं मी शास्त्रशुद्ध मांडलं. तीस फुटांवर, पलीकडच्या कोपऱ्यात, काकू पाठमोऱ्या बसून पडद्याला कडी शिवत होत्या.

त्यांनी मान वळवली नाही. दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "पोळी जाड होती हे कबूल. पण तुझ्या नवऱ्याने पाच खाल्ल्या, तेव्हा घरी काय मिळतं ते कळलं."

पुढे दोन महिने काकू माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायच्या. माझा नवरा मात्र त्यांना दिसला की नमस्कार करायचा.

*

बाकांचा किस्सा लोकांना सगळ्यात आवडतो.

तालमीला जागा हवी म्हणून आम्ही पहिल्याच शुक्रवारी सगळी बाकं भिंतीशी सरकवली. दाऊदभाई दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, बाकं नाय हलवू, त्यांची जागा आहे. देवधर म्हणाले, बरं बरं. पुढच्या शुक्रवारी आलो तर बाकं पुन्हा जशीच्या तशी, चौकोनात. आम्ही परत सरकवली. पुढच्या शुक्रवारी परत चौकोनात. ती शिसवी धूडं, आम्हाला एक उचलायला चौघं लागायचे, आणि हा सत्तरीचा माणूस एकटा ती ओढून जागच्या जागी आणायचा.

असं चार महिने चाललं. दोन्ही बाजूंनी कुणी अवाक्षर काढलं नाही.

शेवटी देवधरांचं डोकं फिरलं. त्यांनी ऑफिसात एक नोटीस टाइप केली, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत, लॅमिनेट केली आणि गुरुवारी संध्याकाळी स्वतः गाडी काढून हॉलच्या भिंतीवर चिकटवून आले. 'या सभागृहातील बाके कोणीही हलवू नयेत. हुकुमावरून.' मनात असं, की आम्ही ती भिंतीशी लावली आहेत, तर आता ती तिथेच राहावीत.

शुक्रवारी आम्ही पोचलो तेव्हा बाकं चौकोनात होती आणि दाऊदभाई नोटिशीसमोर चष्मा लावून उभे. तिन्ही भाषांतली नोटीस त्यांनी मोठ्याने वाचली, इंग्रजी जरा अडखळत. मग वळून देवधरांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"साहेब," ते म्हणाले, "हे फार बरं केलंत. मी बोलून कोण ऐकत नव्हता."

देवधरांना सहीनिशी लावलेली नोटीस काढता येईना. आमचं ते नाटक बाकांच्या मधल्या चौकोनात बसवलं गेलं आणि प्रयोगाच्या दिवशी खऱ्या स्टेजवर सगळे एकमेकांकडे तोंड आणि प्रेक्षकांकडे पाठ करून उभे राहिले.

*

आता माझी पाळी.

मंडळाची स्मरणिका निघायची होती आणि संपादक मी. देवधर म्हणाले, आपल्या हॉलवर एक पान हवंच, 'आपल्या वास्तूचा इतिहास' असं काहीतरी. मी नेटवर शोधलं, काही मिळालं नाही. कुणाला विचारावं हे सुचलं नाही. खरं तर सुचायला काय हरकत होती? पण संपादकाच्या खुर्चीत बसलं की माणसाला आपल्याला सगळं माहीत आहे असं वाटायला लागतं. मी एका संध्याकाळी बसले आणि पान लिहून काढलं. ब्रिटिश अमदानीतला क्लब, गोऱ्या साहेबांच्या नृत्याच्या मैफली, मदिरेचे चषक, वाळवंटातल्या रात्रीत घुमणारे पियानोचे सूर. 'या मूक भिंतींनी किती हास्यविनोद ऐकले असतील!' असा शेवट केला.

माझी मुलगी शेजारी बसून वाचत होती. तिने मान वर केली. "आई, डिड यू जस्ट मेक धिस अप?"

मी म्हटलं, ललित लेखनात असं चालतं.

स्मरणिका छापून आली, वाटली, नेटवरही चढवली. एक प्रत दाऊदभाईंना दिली. पुढच्या शुक्रवारी ते ती घेऊन माझ्यापाशी आले. त्या पानात बोट घालून ठेवलं होतं.

"बाई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हटलं, "दाऊदभाई, त्यासाठी संशोधन करावं लागतं."

ते 'बरं' म्हणाले आणि स्मरणिका मिटून घेऊन गेले. आजही एखाद्या मुलाला वर्गात 'कोठून उतरवलंस?' असं विचारताना मला तो 'बरं' आठवतो आणि कान गरम होतात.

*

यापुढचा किस्सा मंडळात हसत सांगितला जातो, पण अर्धाच.

हॉल आम्हाला नऊला मिळायचा असं कागदावर होतं. दाऊदभाई तो उघडायचे दहाला. नऊ ते दहा दार आतून बंद. कुवेतच्या जुलैमध्ये सकाळी नऊला व्हरांड्यात उभं राहून बघा म्हणजे कळेल. मेधाच्या चेहऱ्यावरचा मेकअप गळ्यापर्यंत यायचा. एकदा फडणीसांनी खिडकीच्या फटीतून डोकावून बघितलं आणि जाहीर केलं की म्हातारा दाराजवळच्या बाकावर बसलाय, हात मांडीवर, डोळे मिटलेले. झोपलाय चक्क.

मी सरळ विचारलं. "दाऊदभाई, तुम्ही आत काय करता?"

"बसतो."

"बसून काय करता?"

"काय नाय."

सांगायला इतकं सोपं आणि इतकं खरं उत्तर मला कुणी आयुष्यात दिलं नसेल. पण घामाने निथळणाऱ्या माणसाला खरं उत्तर झोंबतं. कमिटीत ठरलं की आता लेखी द्यायचं. हॉल ज्या कंत्राटदार कंपनीकडे देखभालीला होता, तिच्या ऑफिसला पत्र. लिहिणार अर्थात मी.

फार चांगलं पत्र लिहिलं हो मी! इंग्रजीतून. 'खेदाने निदर्शनास आणावेसे वाटते की राखणदार दर शुक्रवारी सकाळी हॉल आतून बंद करून एक तास काहीही न करता बसून असतो, आणि विचारले असता तसे कबूलही करतो.' खाली माझी सही, सेक्रेटरी म्हणून. दोन प्रती काढल्या. एक पाकिटात घालून बंद केली, दुसरी उघडी, पोच आणायला. मला पोच लागते. शाळेत बावीस वर्षं काढलेल्या बाईचा शिक्का मारलेल्या कागदाशिवाय कशावर विश्वास बसत नाही.

मंडळाची सगळी कागदपत्रं त्या ऑफिसात दाऊदभाईच पोचवायचे. दोन बस बदलून जावं लागायचं, आमच्यापैकी कोण जाणार? हेही पत्र मी त्यांच्याच हातात दिलं. खरं सांगते, त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंच नाही. सवय म्हणजे सवय.

"रविवारी ऑफिस उघडलं की पहिल्यांदा हे द्या," मी म्हटलं. "आणि या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायला विसरू नका."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला पोच आणून दिली. चुरगळू नये म्हणून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणली होती. कागदावर एक सोडून दोन शिक्के होते, एक पुसट आणि एक ठसठशीत. मी म्हटलं, वा, ऑफिस मोठं काटेकोर दिसतंय. आणि पोच फाईलला लावली.

*

तीन आठवड्यांनी मंडळाला इंग्लंडहून मेल आली. लिहिणारी हेलन नावाची, साठीच्या घरातली बाई. जन्म अहमदीतला, वडील तेलाच्या कामावर. तिने नेटवर आमची स्मरणिका पाहिली होती आणि मशीनकडून त्या पानाचं भाषांतर करून घेतलं होतं. तिने लिहिलं होतं की ते पान वाचून ती खूप हसली, कारण तिच्या वडिलांनी जन्मात दारूला हात लावला नाही, आणि त्या खोलीत आपली आई नाचतेय हे डोळ्यांपुढे आणायचा तिने बराच प्रयत्न करून पाहिला.

मग खरी हकीकत होती. ही मंडळी क्वेकर. ख्रिस्ती लोकांतलाच एक पंथ, पण यांच्यात पाद्री नाही, मूर्ती नाही, आरती नाही, भजन नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे तोंड करून बसायचं आणि तासभर गप्प राहायचं. कुणाला अगदी आतून वाटलं तर उभं राहून दोन वाक्यं बोलायची आणि खाली बसायचं. त्याला कुणी उत्तर द्यायचं नाही. तास झाला की शेजाऱ्याशी हात मिळवायचा, संपली प्रार्थना. अहमदीत अशी पाच-सहा इंग्रज कुटुंबं होती. तो हॉल त्यांचं प्रार्थनाघर. ती दुबईला जाताना एक दिवस कुवेतला उतरणार होती. हॉल बघता येईल का?

येईल का म्हणजे काय! आमच्या मंडळाला पाहुणा मिळाला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. दारात रांगोळी, बायका नऊवारीत, औक्षण, गुलाबपाणी. हेलन कुंकू लावून घेऊन शांतपणे बाकावर बसली. देवधर साहेब बोलायला उभे राहिले आणि त्यांनी 'मौनाचे महत्त्व' या विषयावर चाळीस मिनिटं भाषण केलं.

ते संपल्यावर हेलनने विचारलं, आपण सगळे थोडा वेळ नुसते बसू या का? बसलो. दोन मिनिटांनी कुणाच्या तरी पर्समध्ये गणपतीची आरती वाजली. पाच मिनिटांनी फडणीस पुटपुटले की एसी बंद पडला का. आठव्या की नवव्या मिनिटाला देवधरांना आतून वाटलं. ते उभे राहिले आणि त्यांनी आभारप्रदर्शन केलं, ध्वनिव्यवस्थेसकट. हेलनने डोळे मिटून ते सगळं ऐकून घेतलं. त्यांच्यात तसंच करायचं असतं.

मग तिने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "दाऊद कुठे आहे?"

दाऊदभाई बाहेर उन्हात गाड्या लावून घेत होते. आम्हीच उभं केलं होतं.

ती बाहेर गेली. "हेलन बेबी," ते म्हणाले. दोघांनी हात मिळवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. 

व्हरांड्यात ती मला सांगत होती. दाऊद तेव्हा विशीतला माळी. झाडांना पाणी घालून झालं की येऊन दाराजवळच्या बाकावर टेकायचा. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. हळूहळू कुटुंबं गेली. शेवटी तिची आई आणि दाऊद, दोघंच बसायचे. आई निघाली तेव्हा तिने किल्ली त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, एक माणूस जरी बसत असला तरी ही सभा बंद झाली असं होत नाही. तो म्हणाला, मग मी बसेन. मशीद आपल्या जागी, दुपारच्या नमाजाला तो जायचाच, पण सकाळचा तास इथला. दर वर्षी तो आईला एक कार्ड पाठवायचा, आई गेल्यावर हेलनला. इराकच्या लढाईचे महिने सोडले तर एकही वर्ष चुकलं नाही. कार्डावर दोनच शब्द असायचे, 'मीटिंग हेल्ड'. सभा झाली.

हेलनने माझा हात धरला. तुमच्या मंडळाने त्याला तो एक तास मोकळा दिला, त्याबद्दल मी कसे आभार मानू, असं म्हणाली.

मी म्हटलं, "यू आर वेलकम."

हे तीन शब्द मी परत घ्यायला काहीही देईन.

*

पत्रही परत घ्यायचं होतं. रविवारी शाळेत अर्धी रजा टाकून त्या ऑफिसात गेले. काउंटरवर एक केरळी गृहस्थ होते, अतिशय सज्जन. त्यांनी फाईल काढली. राखणदाराची जागा कमी करायचं कधीपासून घाटत होतं म्हणे, पण एवढा जुना माणूस, कारण हाताशी नव्हतं. माझं पत्र आलं आणि सोय झाली. महिनाअखेर नोकरी संपणार होती. नोकरी संपली की इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, तोही संपला. तिकीट गावचं.

मी म्हटलं, मला ते पत्र मागे घ्यायचंय, माझी चूक झाली.

"तसं लिहून द्या, मॅडम," ते म्हणाले. "तेही फाईलला लावतो." आणि मग अगदी मनापासून, "पण इंग्लिश फार छान आहे तुमचं."

मी लिहून दिलं. ते त्यांनी फाईलला लावलं. त्याने काही झालं नाही. होणार नाही हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

कमिटीत मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. सगळे खाली बघत बसले. देवधर म्हणाले, "पण आपण काढा असं कुठे म्हणालो? आपण फक्त निदर्शनास आणलं."

आणि मग आम्ही, मराठी मंडळं जे करतात ते केलं. दाऊदभाईंचा सत्कार केला! शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात 'वास्तूचे निष्ठावान रक्षक' असं मीच लिहिलं. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि आम्ही त्यांना लोकरीची शाल पांघरली. ती त्यांनी शेवटच्या भाषणापर्यंत अंगावर ठेवली. त्यांना दोन शब्द बोला म्हटलं, तर उठून उभे राहिले, सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं आणि बसले. टाळ्या वाजल्या.

*

त्यांचं विमान शनिवारचं होतं. आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी नवऱ्याला सांगितलं की मला नऊच्या आत अहमदीला सोड, आणि तू थांबू नकोस.

दार बंद होतं. वाजवलं. दाऊदभाईंनी उघडलं. का आलात, असं विचारलं नाही. मी आत गेल्यावर त्यांनी कडी लावली आणि ते दाराजवळच्या आपल्या बाकावर जाऊन बसले. बाकं चौकोनात होती. मी समोरच्या कोपऱ्यात बसले.

मी पूर्ण भाषण तयार करून आणलं होतं. माफीचं, चांगलं तीन परिच्छेदांचं, अगदी हेलनची आई आणि कार्डंसुद्धा त्यात होती. पहिली दहा मिनिटं मी ते मनात घोकत होते. मग ते बोलण्यासारखं वाटेना. मग पुरणपोळी आठवली, 'संशोधन करावं लागतं' आठवलं, ते कप गोळा करून निघून गेले ते आठवलं. एवढा वेळ गप्प बसायची मला सवय नाही. गप्प बसलं की आपण काय काय बोललोय ते ऐकू यायला लागतं. मला इतकी शरम वाटली की मान वर करता येईना.

दहाला थोडा वेळ असताना मी उभी राहिले. आवाज चढवायची गरज नव्हती, त्या हॉलमध्ये कोपऱ्यातलं कोपऱ्यात पोचतं.

"पत्र मी लिहिलं होतं," मी म्हटलं आणि खाली बसले.

दाऊदभाईंनी डोळे उघडले नाहीत. कुणी उत्तर द्यायचं नसतं, तसं त्यांनी दिलं नाही.

दहाला ते उठले, सगळा चौकोन ओलांडून माझ्यापर्यंत आले आणि हात पुढे केला. मी तो धरला.  मग त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली, माझी बोटं तिच्यावर मिटली आणि ते दाराकडे गेले. कडी काढताना वळून म्हणाले,

"पहिला शिक्का पुसट आला होता, बाई. तुम्हाला चालला नसता, म्हणून मी परत मारून घेतला."